राजवाड्यांच्या छतावरची बरोक रूपकचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या राजवाड्यात वर बघितलं की ढग, घोडे आणि अर्धवट कपड्यांतली माणसं दिसतात. हे नक्की काय असतं?

बहुतेक वेळा प्रशस्ती. आपल्याकडे राजाची थोरवी ताम्रपटात कोरली, पोवाड्यात गायली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात, म्हणजे बरोक या भपकेदार शैलीच्या काळात, ती छतावर रंगवली. दालनाचं छत फोडून वर आकाश उघडलं आहे असं भासवायचं आणि त्या आकाशात देव, ऋतू, नद्या, सद्‌गुण असे सगळे जमवायचे. ही सगळी मंडळी खाली राहणाऱ्या धन्याचं कौतुक करायला आलेली असतात. भिंतीवर तसबिरी असतात, गालिचे असतात, खिडक्या असतात. एवढी मोठी सलग जागा फक्त वरच उरते. शिवाय पाहुण्याला मान वर करूनच बघावं लागतं, हाही हिशेब त्यात असावा असं मला वाटतं.

रूपकचित्र म्हणजे पुराणातल्या कथेचंच चित्र ना?

नाही. कथेत काहीतरी घडतं. रूपकात एक गोष्ट दुसरीच्या जागी उभी असते. भारुडातला विंचू हा विंचू नसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच छतावरची तराजू घेतलेली बाई म्हणजे न्याय, हातात आरसा आणि साप असेल तर सुज्ञता, फळाफुलांनी ओसंडणारं शिंग असेल तर सुबत्ता. पंख आणि कोयता असलेला म्हातारा म्हणजे काळ. पंख आणि तुतारी असलेली तरुणी म्हणजे कीर्ती.

आपण मूर्ती कशा ओळखतो? उंदीर दिसला की गणपती, गरुड दिसला की विष्णू. वाहन आणि आयुध बघायचं, चेहरा नंतर. इथेही तेच करायचं. चित्रकारांच्या सोयीसाठी अशा खुणांचा कोशही होता. चेझारे रिपा या इटालियन गृहस्थाने ‘इकोनोलोजिया’ नावाने तो १५९३ साली छापला, आणि १६०३ सालापासून त्यात चित्रंही आली. पुढची दीडशे वर्षं युरोपभरचे चित्रकार तो उघडून बसत. गंमत म्हणजे पाहुण्यांनाही सगळं कळत नसे, म्हणून काही ठिकाणी छताचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिका छापल्या जात.

एकच छत बघायचं असेल तर कोणतं?

फ्रान्सच्या राजांचा व्हर्सायचा वाडा म्हणालो तर कुणी हरकत घेणार नाही, पण माझं उत्तर जर्मनीतलं व्युर्त्सबुर्ग. तिथला राजवाडा खरं तर राजाचा नाही. व्युर्त्सबुर्गचा बिशप हा धर्मगुरूही होता आणि त्या मुलखाचा सत्ताधीशही. प्रवचन त्याचं आणि सारावसुलीही त्याचीच. अशा बिशपांसाठी बाल्टाझार नॉयमान या वास्तुकाराने १७२० ते १७४४ या काळात हा वाडा उभारला. आत रंग भरायला कार्ल फिलिप फॉन ग्रायफेनक्लाउ या बिशपाने व्हेनिसहून जोव्हान्नी बातिस्ता तिएपोलोला बोलावलं. डिसेंबर १७५० मध्ये तिएपोलो आपल्या दोन मुलांना घेऊन पोचला. थोरला दोमेनिको तेविशीचा, धाकटा लोरेन्झो जेमतेम चौदाचा.

त्याने आधी सम्राट-दालन रंगवलं. तिथे एका बाजूला जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचं ११५६ सालचं लग्न आहे आणि समोर ११६८ साली त्याच सम्राटाने व्युर्त्सबुर्गच्या बिशपाला सरदारकी बहाल केल्याचा प्रसंग आहे. वर छताच्या मधोमध अपोलो हा ग्रीकांचा सूर्यदेव नवरीला रथातून घेऊन येतो आहे. एवढ्या जुन्या गोष्टी का? कारण बिशपाच्या सत्तेचा आधार तोच. सरळ सांगायचं तर हा त्या गादीचा सातबारा आहे, फक्त सोनेरी चौकटीत लावलेला. लग्न लावणाऱ्या बिशपाला तिएपोलोने ग्रायफेनक्लाउचाच चेहरा दिला आणि बाराव्या शतकातल्या वऱ्हाडाला सोळाव्या शतकातले व्हेनिसचे झगमगीत कपडे घातले. इतिहासाच्या शिक्षकांनी डोळे मिटून घ्यावेत, पण ती वस्त्रं बघण्यासारखी आहेत. चित्राच्या दोन्ही बाजूंना आंतोनियो बोस्सीने चुनेगच्चीत घडवलेले सोनेरी पडदे देवदूत बाजूला सारताहेत. रंगवलेलं कुठे संपलं आणि घडवलेलं कुठे सुरू झालं, हे खालून चटकन कळत नाही.

हे काम एवढं आवडलं की लगेच जिन्यावरच्या छताचा करार झाला. ते काम नोव्हेंबर १७५३ मध्ये संपलं.

जिन्यावर काय आहे?

मधोमध अपोलो, म्हणजे सूर्य, नुकता उगवून निघालेला. चार कडांना पृथ्वीचे चार खंड. ऑस्ट्रेलिया तेव्हा युरोपच्या हिशेबात नव्हता.

हे चित्र एका जागी उभं राहून दिसत नाही, आणि हीच त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट. बग्गीतून उतरून पाहुणा ठेंगण्या, काळसर देवडीत येतो. जिना चढू लागला की समोर वरच्या उजेडात थोडं थोडं दिसायला लागतं. आधी येते अमेरिका: सुसरीवर बसलेली, पिसांचा मुकुट घातलेली बाई, भोवती शिकार, धूर आणि एका बाजूला तुटलेली मुंडकी. अर्ध्या वाटेवर जिना दोन्हीकडे वळतो. आपणही मागे वळतो आणि आता डोळ्यांसमोर युरोप. मधल्या दोन लांब कडांवर उंटावरची आफ्रिका आणि हत्तीवरची आशिया. आफ्रिकेत व्यापाऱ्यांची गर्दी आहे, आणि एक माकड शहामृगाच्या शेपटीशी खेळतंय. आशियात वाघाची शिकार आहे, जखडलेले कैदी आहेत आणि दूर टेकडीवर क्रूस.

युरोपला मात्र कुठलाही प्राणी वाहन म्हणून दिलेला नाही. ती सिंहासनावर बसली आहे, बैल नुसता शेजारी आहे. भोवती देऊळ, वादक, रंगवणारी चित्रकला. आणि तिच्याही वर, कीर्तीने उचललेल्या गोल चौकटीत बिशप ग्रायफेनक्लाउ. म्हणजे जंगलापासून निघालेली वाट व्युर्त्सबुर्गच्या बिशपाच्या तसबिरीशी येऊन थांबते. तेव्हा त्याचा मुलूख केवढा होता हे नकाशावर बघितलं तर हसू येतं.

या मांडणीत कुणाला माणसात धरलं आहे आणि कुणाला जनावराच्या पाठीवर बसवलं आहे, हे लपलेलं नाही. युरोप स्वतःला कसा बघत होता याचा हा पुरावाच आहे. तरी मी दर वेळी आफ्रिका आणि आशियाच्या कडांपाशी जास्त वेळ रेंगाळतो. बिशपाची स्तुती उरकताना तिएपोलोचा हात सराईतपणे चालला आहे. गाठोडी, तंबू, पाठमोरी माणसं, झोपलेले हमाल रंगवताना मात्र तो रमलेला दिसतो.

एवढ्या मोठ्या छताला मध्ये एकही खांब नाही. ते पडत कसं नाही?

छत साधारण अठरा-एकोणीस मीटर रुंद आणि तीस मीटरहून लांब आहे. ते सपाट नाही, कमानदार आहे, म्हणजे त्याचं वजन कडेच्या जाड भिंतींवर उतरतं. आणि वजन कमी राहावं म्हणून नॉयमानने हलका, सच्छिद्र दगड वापरला. तो मूळचा तोफखान्यातला माणूस. दंतकथा अशी की कुणी शंका घेतली तेव्हा तो म्हणाला, आत तोफा डागून बघा. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण तिएपोलोने युरोपच्या कडेला त्याला लष्करी पोशाखात तोफेवर रेलून बसवलं आहे. नॉयमान ऑगस्ट १७५३ मध्ये वारला. छत पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही.

तोफा नाहीत, पण त्याहून भयंकर परीक्षा पुढे झालीच. १६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वीसेक मिनिटांत व्युर्त्सबुर्ग जाळलं. राजवाड्याचं लाकडी छप्पर पेटून खाली आलं, अनेक दालनं खाक झाली. जळतं छप्पर अंगावर पडूनही नॉयमानची कमान उभी राहिली आणि तिच्या पोटाला चिकटलेलं चित्रही. पण वर आता आभाळ उघडं, पावसाने गिलावा भिजला तर चित्र गेलंच. अमेरिकी सैन्यातल्या जॉन स्किल्टन या कलारक्षक अधिकाऱ्याने त्या धामधुमीत लाकूड आणि ताडपत्र्या मिळवून तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. युनेस्कोने १९८१ साली या वाड्याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात त्या ताडपत्र्यांचा वाटा मोठा आहे.

फ्रेस्को म्हणजे ओल्या भिंतीवर रंगवणं, एवढं माहीत आहे. पण ते टिकतं कसं?

रंगात डिंक नाही, तेल नाही. नुसती रंगाची पूड पाण्यात कालवलेली. चिकटवण्याचं काम चुना करतो. पाण्यात मुरवलेला चुना आणि वाळू यांचा पातळ थर ओला असतानाच रंग लावला, की वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. रंगाचे कण त्यातच अडकतात. म्हणून फ्रेस्को भिंतीवर नसतो, भिंतीत असतो.

अडचण वेळेची. गिलावा ओला असेपर्यंत, म्हणजे काही तासच, हात चालवायचा. म्हणून गवंडी रोज सकाळी त्या दिवशी रंगवून होईल एवढाच तुकडा लिंपतो. संध्याकाळी उरलेला कोरा भाग खरवडून टाकायचा. जवळून पाहिलं तर हे दिवसादिवसांचे सांधे अजून दिसतात: सूर्याभोवतीचं आभाळ मोठ्या तुकड्यात उरकलेलं, एखाद्या चेहऱ्यासाठी मात्र वेगळा छोटा तुकडा. चूक झाली तर पुसता येत नाही, गिलावाच काढावा लागतो. सगळे रंगही चालत नाहीत, चुना काहींना खाऊन टाकतो. माती आणि खनिजांचे रंग टिकतात, उरलेले वाळल्यावर वरून लावतात आणि पुढे तेच आधी गळतात.

आरेखन वर पोचवायची एक रीत आपल्या ओळखीची आहे. पूर्ण मापाच्या कागदावर चित्र काढायचं, रेषांवर टाचणीने भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड झटकायची. भोकांच्या कागदाने रांगोळी काढतात ना, तसंच. दुसरी रीत म्हणजे ओल्या गिलाव्यावर टोकदार काडीने रेघ ओढणं.

थंडीत हे काम चालत नाही, म्हणून व्युर्त्सबुर्गच्या हिवाळ्यात तिएपोलो कॅनव्हासवर तैलचित्रं करत बसे.

चित्रकार परांचीवर आडवा पडून रंगवत असे का?

नाही. परांची छताच्या इतकी जवळ बांधत की उभ्याने, मान मागे टाकून काम करता येई. पाठ सुखरूप, मानेचे हाल.

मग इतक्या जवळून रंगवलेली माणसं खालून वाकडी का दिसत नाहीत?

जवळून ती वाकडीच असतात. खालून बघणाऱ्याला तळवे, गुडघे, हनुवटी आधी दिसणार आणि डोकं दूर, लहान. हे गृहीत धरून माणूस आखडायचा, ही या कलेतली खरी मेहनत. त्यात इटलीत दोन घराणी झाली म्हणा. एक, रंगवलेल्या खांबांचं: खऱ्या भिंतीवर आणखी एक मजला चढलाय असा भास करायचा. त्याचा कळस म्हणजे रोमच्या सांत इन्यात्सियो चर्चचं छत. आंद्रेआ पोत्सो या जेझुइट संघातल्या ख्रिस्ती बंधूने ते १६९० च्या दशकात रंगवलं. पण त्याने जमिनीवर नेमून दिलेल्या खुणेवर उभं राहावं लागतं, दहा पावलं सरकलात की खांब कोसळायला लागतात. दुसरं घराणं आकाशवाल्यांचं. तिएपोलो यातला. खांब कमी, ढग जास्त. ढग कुठूनही पाहिला तरी ढगच दिसतो, म्हणून चालत चालत बघायच्या जिन्यावर हेच शोभतं.

छतावर काय काढायचं ते चित्रकार ठरवायचा?

क्वचितच. विषय बहुतेक वेळा दरबारातला कवी किंवा विद्वान लिहून देई. रोममध्ये बार्बेरिनी वाड्याचं प्रचंड छत पिएत्रो दा कोर्तोनाने १६३० च्या दशकात रंगवलं. त्याची कल्पना फ्रान्चेस्को ब्राच्चोलिनी या कवीची. वाडा आठवा अर्बन या पोपच्या घराण्याचा आणि त्यांच्या चिन्हात तीन मधमाश्या. म्हणून दैवी कृपेच्या आज्ञेने आकाशातून बैलाएवढ्या मधमाश्या उडत येतात. एवढी भव्य खुशामत दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

व्हर्सायला तर गोष्ट मंत्रिमंडळापर्यंत गेली. त्र्याहत्तर मीटर लांबीच्या आरसेमहालाच्या छतावर शार्ल ल ब्रँ आधी अपोलोच्या आणि मग हर्क्युलीसच्या कथा काढणार होता. मग ठरलं की देवांच्या आडून बोलायचं कशाला, राजा चौदाव्या लुईलाच थेट दाखवा. १६८४ पर्यंत त्याच्या लढाया, तह, कारभार असं सगळं वर चढलं. देव आहेत, पण दुय्यम भूमिकेत. चित्रांखालच्या ओळीही फार फुगलेल्या वाटल्या म्हणून बदलल्या, आणि साध्या शब्दांत पुन्हा लिहायला बसले कोण, तर रासीन आणि ब्वालो हे त्या काळचे नामांकित साहित्यिक.

म्हणजे सगळी खुशामतच ना? राजाला तरी हे खरं वाटत असेल का?

खुशामत आहेच. पण लंडनचं एक उदाहरण बघा. व्हाइटहॉलच्या मेजवानी-महालाच्या छतासाठी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने रूबेन्स या चित्रकाराला काम दिलं. रूबेन्सने अँटवर्पमध्येच बसून नऊ कॅनव्हास रंगवले, ते गुंडाळून जहाजाने आले आणि १६३६ साली वर बसवले. मोबदला तीन हजार पौंड आणि सोन्याची साखळी. मधल्या लंबगोलात चार्ल्सचा बाप पहिला जेम्स स्वर्गात चालला आहे, न्यायदेवता त्याला हात देते आहे. राजा हा देवाचा प्रतिनिधी, त्याला प्रजेने जाब विचारायचा नाही, हा त्याचा अर्थ. चित्रं काळवंडू नयेत म्हणून मशालींच्या उजेडातली संगीत-नाटकं त्या महालात बंद केली, इतकी त्यांची काळजी होती.

३० जानेवारी १६४९ ला चार्ल्सला शिरच्छेदासाठी याच महालातून, याच छताखालून चालवत नेलं. तो वर बघत गेला की नाही, ते कुणी नोंदवलेलं नाही.

आरसेमहालाचं नशीबही तसंच. छतावर लुईचं सैन्य ऱ्हाइन नदी ओलांडतं आहे, आणि १८ जानेवारी १८७१ ला त्याच छताखाली फ्रान्सशी लढणाऱ्या प्रशियाच्या राजाला जर्मन सम्राट घोषित केलं गेलं. जागा मुद्दाम निवडली होती.

तैलचित्र छताला चिकटवता येतं?

येतं. कॅनव्हास रंगवून तो छताला डिंकासारख्या चिकट लेपाने लिंपायचा. व्हर्सायच्या हर्क्युलीस दालनाचं छत असंच आहे. फ्रान्स्वा लमुआनने ते १७३६ साली पुरं केलं, त्यात १४२ आकृती आहेत. पंधराव्या लुईने खूश होऊन त्याला राजचित्रकार नेमलं. पुढच्याच वर्षी त्याने आत्महत्या केली.

या सगळ्यात हिंदुस्थान कुठे?

बहुतेक छतांवर आशियाच्या हत्तीत आणि मसाल्यांच्या पेट्यांत विरघळलेला. नाव घेऊन आलेला बघायचा तर लंडनला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत महसूल समितीच्या खोलीच्या छतासाठी स्पिरिदिओने रोमा या चित्रकाराने १७७८ साली एक लंबगोल चित्र केलं. उंच खडकावर ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपातला ब्रिटन, बसली आहे, पायाशी सिंह. खालून सावळी हिंदुस्थान मोती-रत्नं वर करते आहे, चीन चिनी मातीची भांडी आणि चहा घेऊन उभा आहे, बुध म्हणजे व्यापाराचा देव त्यांना पुढे व्हा म्हणतो आहे, मागे कंपनीचं गलबत. घडण बरोक राजवाड्याची, धनी मात्र भागधारक. कंपनीची इमारत पुढे पाडली, चित्र आता ब्रिटिश परराष्ट्र खात्यात आहे.

मराठी माणसाने साल नीट वाचावं. १७७८ च्या नोव्हेंबरात याच कंपनीची मुंबईची फौज राघोबादादांना पेशवाईवर बसवायला घाट चढू लागली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांच्या वेढ्यात सापडून तिने तह लिहून दिला. लंडनच्या छतावरची बाई तोवर मोती वाहतच होती.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असं छत आहे का?

या अर्थाने नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात चित्रं आहेत, पण भिंतींवर आणि पुराणांतली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये सुरेख फुलापानांचं रंगकाम दिसतं, त्यात रूपक नाही.

मग ही रीत बंद का पडली?

आधी चव बदलली. आंटोन राफाएल मेंग्सने १७६१ साली रोमच्या एका प्रासादात छतावर अपोलो काढला तो भिंतीवरच्या तसबिरीसारखा, सरळ समोर बघणारा. फोडलेलं आकाश, लोंबणारे पाय हे आता बालिश वाटू लागलं. तिएपोलो १७६२ साली माद्रिदला गेला आणि १७६४ मध्ये राजवाड्याच्या सिंहासन-दालनाचं छत त्याने पुरं केलं, स्पेनच्या वैभवाची सगळी प्रजा कडेकडेने जमवून. पण त्याच दरबारात मेंग्सचं वजन होतं. १७७० मध्ये तिएपोलो माद्रिदलाच वारला. त्याने आरांहुएसच्या चर्चसाठी केलेली शेवटची चित्रं काढून तिथे लवकरच मेंग्स आणि इतरांची लावली गेली. मग फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि देवांनी ज्यांना स्वर्गात न्यायचं ते राजेच कमी झाले.

बघायला जाताना काय लक्षात ठेवावं?

लहान दुर्बीण न्या, मैदानात क्रिकेट बघायला नेता ती चालेल. ऊन असलेला दिवस निवडा. मार्गदर्शकाबरोबर घाईने जिना चढू नका. पाच पायऱ्या, थांबा, वर बघा, असं करत जा, कारण चित्र तसंच रचलं आहे. आणि मधल्या देवांत फार गुंतू नका, सगळा जीव कडांवर आहे.

व्युर्त्सबुर्गला गेलात तर युरोपच्या बाजूच्या कोपऱ्यात दुर्बीण लावा. पांढऱ्या केसांच्या टोपात, झकपक कपड्यांत दोमेनिको दिसेल. त्याच्याजवळ डोक्याला साधं फडकं गुंडाळलेला, कामावरून आल्यासारखा, थोडा थकलेला एक माणूस आहे. तोच तिएपोलो.